भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही

१

मृत्युपत्र वाचता वाचता वकीलसाहेब अडखळले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तेच पान पुन्हा वरपासून वाचायला लागले. ऐकणाऱ्यांना वाटलं, म्हाताऱ्याची ओळ चुकली. ओळ चुकली नव्हती. ती तिथे नव्हतीच.

"एक कलम गेलं कुठे?" साहेब म्हणाले.

मृत्युपत्र चष्मेवाल्यांचं होतं. खाली चष्म्याचं दुकान, वर घर, आणि त्या घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण, एवढाच संसार. दोघांनीही लग्न केलं नाही. जन्मभर लोकांचे नंबर काढले आणि शेवटी त्यांची स्वतःचीच नजर गेली. आता तेही गेले.

"घर आणि दुकान पुतण्याला, हे बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पण बहीण हयात असेपर्यंत त्याच घरात राहील, तिला कोणी हलवायचं नाही, हे त्यांनी याच खुर्चीत बसून मला सांगितलं होतं. ते इथे नाही!"

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. तिथे ती बहीण बसली होती, मांडीवर पिशवी धरून. पुतण्या तिला आत्या म्हणायचा, म्हणून ऑफिसातले सगळेही आत्याच म्हणायचे.

"नसेल तर नसेल," आत्या म्हणाली.

पुतण्या पुढे सरकला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात आधीच गिऱ्हाईक ठरलेलं होतं. पुढच्या आठवड्यात घराचा सौदा व्हायचा होता, आणि आत्यासाठी त्याने एका वृद्धाश्रमात खोलीही बघून ठेवली होती.

"साहेब, मी काही राक्षस नाही. काकांची तशी इच्छा होती असं नक्की कळलं, तर सौदा आजच्या आज मोडतो. पण सही काकांची, साक्षीदार तुमचे. मागाहून त्यांचं मन बदललं नसेल कशावरून? तुमचा शब्द धरावा, तर घोटाळा तुमच्याच ऑफिसात झालाय. स्वतःचं झाकायला माणसाला काय वाट्टेल ते आठवतं."

साहेबांचा चेहरा पडला. तेवढ्यात त्यांना दारात उभी असलेली बाई दिसली आणि त्यांचा आवाज परत आला.

"या मॅडम! बघा तुमच्या यंत्राची करामत. बाईचं घर खाल्लं त्याने!"

२

या बाईला ऑफिसात सेटअपबाई म्हणत. तिची कंपनी वकिलांना एक सॉफ्टवेअर विकायची. पडद्यावर एकेक प्रश्न येतो, त्याची उत्तरं भरत जायचं, की शेवटी मृत्युपत्र, भाडेकरार, जे हवं ते तयार. ते बसवायचं, वकिलांचे जुने मसुदे त्यात घालायचे, माणसांना शिकवायचं आणि पुढच्या गावाला निघायचं, हे हिचं काम. कुठल्याच ऑफिसात तिचं नाव कोणाच्या तोंडी बसायच्या आत तिचं काम संपायचं. लॉजची खोली, भिंतीकडे तोंड करून जेवण, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा फक्त बँकेकडून. सवय झाली होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना तिला रोज वाईट वाटायचं.

झेरॉक्स मशीनशेजारच्या खोपच्यात ती लॅपटॉप उघडून बसली. वरिष्ठांचा फोन आलाच.

"यंत्र बरोबर आहे, चूक वापरणाऱ्याची आहे, एवढं लिहून दे आणि नीघ. उगाच खोलात शिरू नकोस."

"आणि त्या बाईंचं घर?"

"कोणत्या बाईंचं?" वरिष्ठ म्हणाले.

तिने फोन ठेवला आणि खोलात शिरली. आधी मसुदा तपासला. राहण्याच्या हक्काचं कलम जागेवर होतं, शब्दन् शब्द. मग तीच उत्तरं पुन्हा भरून पाहिली. मृत्युपत्र अगदी तसंच आलं, कलमाशिवाय. म्हणजे यंत्राने काही खाल्लं नव्हतं. त्या कलमाच्या आधी एक प्रश्न होता: तुमच्यावर अवलंबून असलेलं घरात कोणी आहे का? 'होय' म्हटलं की कलम येतं, 'नाही' म्हटलं की गळतं. इथे उत्तर होतं 'नाही'.

आता या सॉफ्टवेअरला एक खोड आहे. ते काही विसरत नाही. कोणतं बटण आधी दाबलं, कोणतं नंतर, सगळं धरून ठेवतं. सेटअपबाईने ते उघडलं.

आधी 'होय' दाबलेलं होतं. पुढे चौकटी उघडल्या होत्या. त्या व्यक्तीचं नाव: आत्याचं. नातं: बहीण. तिसरी चौकट आली आणि तिथे हात थांबला. बाकी सगळे प्रश्न भराभर उरकले होते, इथे मात्र कोणीतरी कितीतरी वेळ नुसतं बसून राहिलं होतं. मग मागे येऊन 'नाही' दाबलं होतं.

हे पुतण्याला दाखवलं की संपलं. 'बघा, काकांनी मन बदललं,' असंच तो म्हणणार, आणि त्याला खोटं कसं पाडायचं? चष्मेवाल्यांना पडदा दिसत नव्हता, बटण त्यांनी दाबलेलं नव्हतं. मग ते दाबलं कोणी, आणि कोणाच्या मनाने?

३

फॉर्म भरला होता साहेबांच्या लॉगिनमधून. त्याने काडीचाही उपयोग नव्हता. त्या ऑफिसात एकच लॉगिन चालायचं, साहेबांचं. पासवर्ड पंख्याच्या बटणाखाली चिकटवलेला होता. साहेब सोडून सगळे तो वापरत.

टायपिस्टकाका पहिले. यंत्र आल्यापासून त्यांची बोटं रिकामी झाली होती आणि नोकरी जायच्या बेतात होती, त्यामुळे संशय घ्यायला ते सोयीचे होते.

"मॅडम, मी तुमच्या यंत्राच्या वाटेला जात नाही आणि ते माझ्या वाटेला येत नाही," काका म्हणाले. "दोन-चार भाडेकरार केले तेवढेच. तेही सूनबाई मानगुटीवर बसल्या म्हणून."

"एखादी चौकट भरता आली नाही तर काय करता?"

"करायचंय काय! शेवटचा पर्याय ठोकून द्यायचा. 'लागू नाही', 'काही नाही', 'इतर', जे असेल ते. वाचतंय कोण? पण मृत्युपत्र मी केलं नाही हं. मला वाटलं, सूनबाईंनी केलं."

साहेबांची सून म्हणजे धाकट्या वकीलबाई. यंत्र आणायचा हट्ट तिचाच. सेटअपबाईने तिला बटणांची नोंद दाखवली, तेव्हाही खुर्चीवर बसल्या बसल्या ती तीन फोन सांभाळत होती.

"मी? छे! मला वाटलं टायपिस्टकाकांनी केलं. प्रिंट तयार दिसली, मी सहीच्या गठ्ठ्यात लावली."

"चाचणी संपायच्या आत सगळं चालू केलंत. फॉर्म कुठून भरला याची नोंद करणारा भागही सुरू करू दिला नाहीत."

"अहो, दम कुठे होता कोणाला? तुम्ही उद्या जाल, मला इथे राहायचंय. सासरेबुवांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं होतं. थांबलं असतं तर पुन्हा फिरले असते." तिने फोन उलटा ठेवला. "खरं सांगू? मी भरत असते तर कुठे अडलेच नसते. एखादी चौकट नडली तर ती बाजूला सारायचे अधिकार तुम्हीच मला दिलेत."

ते खरं होतं. सेटअपबाई उठली.

"आणि मॅडम," सून मागून म्हणाली, "सहीच्या दिवशी सासरेबुवांनी मृत्युपत्र वाचून दाखवलं नाही. जन्मात पहिल्यांदा. का, ते त्यांना विचारा. माझी हिंमत नाही."

४

साहेब खिडकीशी पाठ करून उभे होते.

"वाचलं नाही मी," ते आपणहूनच म्हणाले. "आधी एकेक शब्द मी सांगायचो, काका टाइप करायचे, पुन्हा मी वाचायचो. यंत्र आलं आणि मला वाटलं, आता काय वाचायचं? यंत्र चुकत नाही म्हणालात ना तुम्ही?"

"म्हणाले होते."

"बरं. मग मी तुमचं ऐकलं." साहेब धपकन बसले. "तो माझा जुना मित्र, मॅडम. नंबर काढता काढता हजार गप्पा मारायचा. त्याच्या शेवटच्या कागदावर मी माझ्या हाताने सही घेतली, त्याचा हात धरून, आणि आत काय आहे ते बघितलं नाही."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. सेटअपबाईला काय करावं कळेना. दुसऱ्याच्या दुःखात काय बोलायचं याची तिला सवय राहिली नव्हती. तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"साहेब, ऑफिसात हा फॉर्म कोणीच भरलेला नाही. टायपिस्टकाका अडले असते तर त्यांनी शेवटचा पर्याय ठोकला असता, मागे आलेच नसते. सूनबाईंनी चौकट बाजूला सारली असती. तुम्हाला माऊस धरता येत नाही. मग पासवर्ड बाहेर कोणाकडे गेला?"

साहेबांनी पेला खाली ठेवला.

"मी दिला," ते म्हणाले. "फोनवर. त्याला इथला जिना चढवत नव्हता. म्हणाला, घरी आहे कॉम्प्युटर, बसून भरतो. सुनेला कळलं असतं तर तिने मला फाडून खाल्लं असतं."

"घरी कोणाच्या मदतीने?"

"विचारलं नाही. पुतण्या येऊन जाऊन असायचा, तोच असणार. दुसरं कोण?"

दारात पुतण्याच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मी नव्हतो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आणि असतो, तर मॅडम, मी आधी 'होय' कशाला दाबलं असतं? आत्याचं नाव कशाला लिहिलं असतं?"

बटणांचं त्याला सूनबाईकडून कळलं होतं. आणि त्याचं म्हणणं बिनतोड होतं. सेटअपबाई पिशवी उचलून दुकानाकडे निघाली.

५

दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. आत काचेच्या कपाटांतून शेकडो रिकाम्या फ्रेमा मांडलेल्या, त्यांच्या मध्ये आत्या एकटी, फडक्याने एकेक फ्रेम पुसत. विकायच्या नव्हत्याच आता त्या.

"बस गं," आत्या म्हणाली. "कागदाचं विचारायला आलीस ना? मला त्या कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. ते सगळं दादा बघायचा."

"दादांना दिसत नव्हतं, आत्या."

"मग पुतण्याने बघितलं असेल."

तेवढ्यात एक गृहस्थ आत डोकावले. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात त्याची काडी. "ताई, दुकान बंद झालं म्हणे? माझा नंबर तेवढा काढून द्या, दुसरीकडे करून घेतो."

"द्या बघू." आत्या काउंटरमागे कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसली. खुर्ची तिच्याच उंचीला लावलेली होती, खाली पाय टेकायला लाकडी पाट. बोटं कळांवरून सरसर फिरली, कागद बाहेर आला. "डावा डोळा वर्षभराने पुन्हा तपासा. मागच्या वेळी सांगितलं होतं, आला नाहीत."

गृहस्थ गेले. आत्याने बोटं कळांवरून उचलली आणि पदरात लपवली, लहान मूल लपवतं तशी.

 

"तिसऱ्या चौकटीत विचारलं होतं, ही व्यक्ती काय काम करते," सेटअपबाई हळूच म्हणाली. "पर्याय चारच. नोकरी, धंदा, शिक्षण, काहीही नाही. वर लाल चांदणी. भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिऱ्हाइताला ती चौकट अडवणारच नव्हती. आत्या, तिथे अडून बसेल असं माणूस एकच होतं. जिच्याबद्दल ती विचारत होती, तीच."

आत्याने मान खाली घातली.

"तुम्हाला स्वतःच्या नावापुढे 'काहीही नाही' लिहवेना. दुकान तुम्ही चालवलंत, घर तुम्ही चालवलंत, त्यांचं आजारपण तुम्ही काढलंत. म्हणून तुम्ही मागे आलात. दादांना न सांगता. बरोबर?"

"निम्मं बरोबर आहे," आत्या म्हणाली.

६

"मी काही मनाने केलं नाही," आत्या म्हणाली. "एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होते, तो सांगत होता, मी दाबत होते. मजेत चाललं होतं. वाचलं, दादा, तुझ्यावर अवलंबून कोण आहे? तर हसला. म्हणाला, तू. आणखी कोण आहे मला? मी 'होय' दाबलं. तुला सांगते, त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं! सबंध आयुष्यात तो असं काही बोलला नव्हता."

ती थांबली. मग एका दमात बोलून मोकळी झाली.

"मग ती तुझी चौकट आली. मी वाचलं, ती काय काम करते? मला वाटलं, म्हणेल, बाई, दुकान तर तीच बघते. म्हणेल, माझे डोळे तीच आहे. थोडा वेळ गप्प होता. मला वाटलं, शब्द शोधतोय. आणि म्हणाला, लिही, काही करत नाही."

आत्याने फडकं उचललं आणि एक फ्रेम हातात घेतली.

"रागाने नाही गं म्हणाला. सहज. चहा झाला का विचारावं तसं. मी म्हटलं, असं का रे? तर म्हणे, खरं तेच लिहायचं ना कागदावर! मी बसून राहिले. काही सुचेना. शेवटी मागे आले, 'नाही' दाबलं, आणि त्याला म्हटलं, झालं रे भरून. काहीच करत नाही ना मी? मग कोणावर अवलंबूनही नाही. रागच आला होता मला. दुसऱ्या दिवशी बदलू म्हटलं, तर तोवर त्याला खुर्चीसकट उचलून सहीला नेलं."

"हे तुम्ही ऑफिसात सांगितलं नाहीत."

"काय सांगू? माझा भाऊ मला काय समजायचा ते चारचौघांत सांगू? जाऊ दे ते घर. वृद्धाश्रम तर वृद्धाश्रम."

"ती चौकट मी लिहिली, आत्या," सेटअपबाई म्हणाली. "पर्यायही मीच लिहिले. त्यात घर चालवणं घालायचं मला सुचलंच नाही."

"तुझ्या घरी कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग तुला कुठून सुचणार?" आत्या म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. "त्याच्या घरी मी होते, तरी त्याला नाही सुचलं."

सेटअपबाईने खुर्ची जवळ ओढली. कोणाच्या इतकं जवळ बसून तिला बरेच दिवस झाले होते.

"दादांनी तुम्हाला 'तू, आणखी कोण आहे मला' म्हटलं, हे जगात आता फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्ही नाही बोललात तर तेही गेलं. राहील काय, तर कागदावरचं 'नाही'. आणि पुतण्या जन्मभर समजेल, काकांनीच तुम्हाला घराबाहेर काढलं."

"पण एक सांगायचं तर दुसरंही सांगावं लागेल ना? तो विचारेलच, 'होय' दाबल्यावर 'नाही' का दाबलं."

"हो. दोन्ही सांगावी लागतील."

आत्या कितीतरी वेळ तीच एक फ्रेम पुसत राहिली.

७

ऑफिसात सगळे जमले. आत्याने सांगितलं, ते पुतण्याने ऐकलं, आणि त्याने बाहेर जाऊन गिऱ्हाइकाला फोन केला. आत आला तेव्हा त्याने एवढंच म्हटलं, "सौदा मोडला."

"नुसतं तोंडी चालणार नाही," साहेब म्हणाले. "भावाची इच्छा एक आणि कागदात आलं दुसरं, असं सांगून कोर्टाकडून दुरुस्ती मागू. त्याला आत्यांचं प्रतिज्ञापत्र लागेल. घडलं तसं, सगळं."

"तुझ्या काकांनी ठेवलं म्हणून राहायचंय मला," आत्या पुतण्याला म्हणाली. "तू राहू दिलंस म्हणून नाही. वाईट वाटून घेऊ नकोस."

प्रतिज्ञापत्र यंत्रात करावं का, असं सूनबाईने विचारलं, तेव्हा साहेबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. सेटअपबाई म्हणाली की यासाठी तिच्याकडे प्रश्न नाहीत. मग साहेबांनी सांगितलं आणि टायपिस्टकाकांनी टाइप केलं. सेटअपबाईने आपल्या कंपनीला कळवायचं ते कळवलं होतं: चौकट चुकीची होती, आणि ती मी केली. संध्याकाळपर्यंत तिची नोकरी राहील की नाही, सांगता येत नव्हतं. तरी ती थांबली. आत्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथे बसली.

साहेब कागद हातात घेऊन उभे राहिले आणि सुरुवातीपासून एकेक शब्द वाचायला लागले. आत्याचं नाव, वय, पत्ता. भावाची नजर गेली होती, ते. पहिला प्रश्न, त्याचं उत्तर. "'त्यावर माझे बंधू म्हणाले, तू, आणखी कोण आहे मला.'" साहेब वाचत राहिले. "'त्यानंतर, मी काय काम करते असं विचारलं असता, माझे बंधू म्हणाले की...'"

साहेब थांबले. त्यांनी कागद खाली केला. टायपिस्टकाका जमिनीकडे बघायला लागले, सूनबाईने फोन बंद केला.

"एवढं मी मनात वाचतो," साहेब म्हणाले. "चालतं तसं."

तसं चालत नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"'लिही, काही करत नाही,'" आत्या मोठ्याने म्हणाली. "असं म्हणाला तो. वाचा पुढे."

साहेबांनी पुढचं वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. पुतण्याने तोंड फिरवून रुमाल काढला आणि जरा वेळाने म्हणाला, "आत्या, गाडी आणलीय. सही झाली की लगेच घरी सोडतो."

"लगेच कशाला?" आत्या म्हणाली. "तिथे आता वाट कोण बघतंय." आणि तिने सही करायला खुर्ची टेबलाजवळ ओढली.